गहू सोडला आणि चेहरा खुलला?

आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर गिरणीसमोर डब्यांची रांग लागते. हल्ली त्या रांगेत ज्वारीचे आणि नाचणीचे डबे जास्त दिसतात. कारण विचारलं, तर पोटाचं कुणी बोलत नाही, चेहऱ्याचं बोलतात. ‘गहू बंद केल्यापासून पिंपल्स गेले.’ ‘आमच्या सुनेचा रंग किती उजळलाय, बघा.’ ‘ताई, तुम्ही पण सोडा, महिन्यात फरक दिसेल.’

ठाण्यात राम मारुती रोडवर, कल्याणला लक्ष्मी मार्केटमध्ये, सगळीकडे हीच चर्चा. त्यात खरं किती, ऐकीव किती, हे शोधायला बसले आणि हाताला इतक्या भन्नाट गोष्टी लागल्या की त्या सांगितल्याशिवाय राहवेना. त्यात जपानचा साबण आहे, हॉलंडच्या शिंपल्या आहेत, कल्याणची एक लेक आहे आणि आपल्या फोडणीतला हिंगसुद्धा आहे.

पोळी लाटतात, भाकरी थापतात. असं का?

सुरुवात घरातल्या प्रयोगाने करा. मूठभर मैदा घट्ट मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली तो गोळा चोळत राहा. दुधासारखं पांढरं पाणी निघत जातं. दहाएक मिनिटांनी पाणी स्वच्छ होतं आणि हातात उरतो पिवळसर राखाडी, च्युइंगमसारखा ताणला जाणारा गोळा. तेच ग्लुटेन. आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. सगळं पीठ पाण्याबरोबर वाहून जातं, हातात काहीही उरत नाही.

आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण फरक पक्का माहीत होता. गव्हाची कणीक ताणली जाते, म्हणून ती पोळपाटावर लाटता येते. ज्वारी-बाजरीत तो ताण नाही. म्हणून गरम पाणी घालून पीठ भिजवायचं, रगडून मळायचं आणि हाताने थापायचं. ‘पोळी लाटणे’ आणि ‘भाकरी थापणे’ ही दोन क्रियापदं म्हणजे मराठी स्वयंपाकघरातली ग्लुटेनची चाचणीच.

हा गोळा वेगळा काढून त्याचं वर्णन प्रथम केलं इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या बेक्कारी नावाच्या प्राध्यापकाने, अठराव्या शतकात. पीठ धुण्याची त्याची पद्धत तुमच्या-माझ्या सिंकमध्ये होते तीच. ग्लुटेन या लॅटिन शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे डिंकासारखी चिकटवायची वस्तू. ते गहू, जव आणि राय या तीन धान्यांत असतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, मका, डाळी यांत नसतं.

रंग निराळा, कांती निराळी

आता मूळ प्रश्न. मराठीत ‘रंग’ आणि ‘कांती’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि या विषयात ते वेगळे ठेवले तर अर्धा गोंधळ मिटतो.

रंग ठरतो मेलॅनिन या द्रव्यावर आणि ते आई-वडिलांकडून आलेलं असतं. पोळी सोडून ते कमी होत नाही. गहू बंद केल्याने सावळी मुलगी गोरी होत नाही आणि तिने व्हावं तरी कशाला? २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या पंचेचाळीस वर्षं जुन्या क्रीमला नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ व्हावं लागलं. गोरेपणाचं नाव उघडपणे विकणं तेव्हापासून अवघड झालं. मग गिरणीच्या रांगेत आपणच ‘उजळला’ हा शब्द कौतुकाने का वापरावा, हे मला मनापासून विचारावंसं वाटतं.

कांतीचं मात्र वेगळं आहे. ती बदलू शकते, चांगली ठळक बदलू शकते, आणि काही माणसांत तिचं थेट कारण ग्लुटेन असतं. ही माणसं म्हणजे सिलिअ‍ॅक आजाराची.

नव्या सोलापुरी टॉवेलवर दोऱ्यांचे उभे फासे असतात ना, आपल्या लहान आतड्याचा आतला थर तसाच असतो. त्या बारीक केसाळ उंचवट्यांमुळे अन्न शोषायला भरपूर जागा मिळते. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लुटेन आलं की बिथरते आणि आपल्याच आतड्यावर हल्ला करते. फासे झिजत जातात आणि टॉवेलचा पंचा होतो, सपाट. सगळ्यात जास्त झीज होते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात आणि नेमकं लोह तिथेच शोषलं जातं.

मग काय होतं? लोह पोटात जातं, पण रक्तात उतरत नाही. हिमोग्लोबिन घसरतं. ओठ, नखं, पापणीची आतली बाजू, सगळं फिकट पडतं. अ‍ॅनिमियाला आपल्याकडचा जुना शब्द आहे पांडुरोग. पांडु म्हणजे फिकट पिवळसर. आजाराचं नावच मुळी चेहऱ्याच्या रंगावरून पडलंय!

या माणसाचं निदान झालं आणि गहू सुटला की आतड्याचे फासे हळूहळू परत उभे राहतात, लोह शोषलं जातं आणि चेहऱ्यावर खरोखर रक्त चढतं. शेजारीण म्हणते, ‘गोरी झालीस गं.’ झालेली असते ती निरोगी.

दुसरी गंमत बोटांच्या पेरांवर दिसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की हातापायाच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते. १९६३ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी हे लक्षण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं, म्हणजे ही आपल्या देशातून जगाला मिळालेली नोंद. कमतरता भरून काढली की तो काळेपणा उतरतो. सिलिअ‍ॅकमध्ये बी-१२ आणि फोलिक अ‍ॅसिड दोन्ही कमी पडू शकतात. म्हणजे घासूनपुसून, लिंबू चोळून जे गेलं नाही, ते काही जणांत आतडं बरं झाल्यावर आपोआप जातं.

फक्त एक हिशेब लक्षात ठेवा. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. कातडीचा वरचा थर नवा व्हायला सुमारे चार आठवडे लागतात. मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षंही जातात. त्यामुळे ‘आठ दिवसांत ग्लो’ आला असेल, तर तो आतड्यातून आलेला नाही.

आणि दुसऱ्या बाजूचाही आकडा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आढळला. यातल्या बहुतेकींचं कारण गहू नाही. जेवणातलं लोह कमी, पाळीतला रक्तस्राव, जंत, पाठोपाठची बाळंतपणं, ही ती कारणं. त्यांची पोळी काढून घेतली तर चेहरा आणखीच उतरेल. पण महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलतच नसेल, तर मात्र डॉक्टरांना सिलिअ‍ॅकबद्दल जरूर विचारा. गोळी न लागणं हीच तिथली खूण असू शकते.

कल्याणची लेक फिलाडेल्फियात होती, तेव्हाची गोष्ट

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली आणि १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली. ती तिथल्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकत होती, तेव्हा त्याच शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लुई डुरिंग नावाचे त्वचारोगाचे प्राध्यापक होते. १८८४ साली त्यांनी एका विचित्र पुरळाला नाव दिलं: डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. आज तो डुरिंगचा आजार म्हणूनही ओळखला जातो.

नावात हर्पीस असलं तरी त्याचा हर्पीसच्या विषाणूशी काही संबंध नाही. बारीक फोडांचे झुबके तसे दिसतात, एवढंच. कोपरं, गुडघे, कुल्ले, डोक्याची कातडी, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखंच. खाज इतकी भयंकर की डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत फोड खाजवून फुटलेले असतात आणि दिसतात फक्त ओरखडे.

हा पुरळ म्हणजे कातडीवर उमटलेला सिलिअ‍ॅक. पण हे कळायला किती वर्षं लागावीत? नाव मिळालं १८८४ मध्ये आणि या रुग्णांचं आतडंही बिघडलेलं असतं हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवलं १९६६ मध्ये. बावीस वर्षांची होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई गेल्या. त्यांच्या शिक्षणाच्या काळात त्याच शहरात नाव मिळालेल्या आजाराचं मूळ पोळीत आहे, हे जगाला कळेपर्यंत ऐंशीहून जास्त वर्षं उलटली.

निदानाची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. तुकडा फोडाचा काढत नाहीत. फोडाशेजारच्या, दिसायला चांगल्या कातडीचा काढतात. विशिष्ट प्रकाशात पाहिलं की तिथे आयजीए नावाच्या प्रतिपिंडांचे कण चमकताना दिसतात. आणि औषध? डॅप्सोन. आपल्या राज्यात कुष्ठरोगाच्या उपचारात वर्षानुवर्षं दिली गेलेली हीच ती गोळी. डुरिंगच्या आजारात ती खाज एक-दोन दिवसांत थांबवते. पण आतडं बरं करत नाही. त्याला ग्लुटेन सोडावंच लागतं आणि नुसत्या आहाराने कातडी शांत व्हायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. भारतात हा पुरळ क्वचितच दिसतो. आणि चेहऱ्यावर तो सहसा येत नाही, त्यामुळे गालावरचे पिंपल्स म्हणजे डुरिंगचा आजार, असं कुणी समजू नये.

सिलिअ‍ॅकसोबत कातडीच्या आणि केसांच्या आणखी काही तक्रारी दिसतात. वारंवार तोंड येणं, ओठांचे कोपरे फाटणं, डोक्यात चाई पडणं. या प्रत्येकाला इतर दहा कारणं असतात. म्हणून त्यावरून घरच्या घरी निदान करू नये.

शिंपल्या, मग केळी, मग कुठे गहू

या आजाराच्या इतिहासात श्रेय सारखं चुकीच्या पदार्थाला मिळत गेलं. मला हा सगळ्यात मजेचा भाग वाटतो, कारण आपलंही तेच होतंय.

१८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकचं पहिलं नेटकं वर्णन छापलं. रोगी बरा झालाच तर आहारानेच होईल, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. त्यांनी एका पोराची नोंद केली आहे: त्याला रोज भरपूर डच शिंपल्या खायला दिल्या आणि ते छान सुधारलं, पण शिंपल्यांचा हंगाम संपला तसं पुन्हा आजारी पडलं. ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला शिंपल्यांची ताकद सांगायला नको, पण इथे गुण शिंपल्यांचा नव्हता. शिंपल्यांनी पोट भरलं की पाव खाल्ला जात नव्हता, गुण त्याचा.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी आजारी मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं टवटवीत झाली, गाल भरले. पुढची कित्येक वर्षं केळं हेच औषध मानलं गेलं. वसईची सुकेळी हास यांना मिळाली असती तर तीही त्यांनी दिली असती! मुलं बरी झाली कारण त्या आहारात पाव नव्हता. पुन्हा गहू सुरू झाला की आजार परत.

मग हॉलंड. विलेम डिक नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे डच लोकांची उपासमार झाली. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. देश अन्नावाचून मरत असताना सिलिअ‍ॅकची मुलं सुधारत होती. डिक यांनी पुढे काळजीपूर्वक तपासण्या करून १९५० मध्ये आपला प्रबंध मांडला: गुन्हेगार गहू आहे. पहिल्या नेमक्या वर्णनापासून इथवर यायला बासष्ट वर्षं लागली.

आगरी पानात ग्लुटेन नव्हतंच

ठाणे जिल्हा हा मुळात भाताचा मुलूख. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरात आजही तांदळाच्या पिठाची उकड काढून, पाण्याचा हात लावत हातावर थापलेली भाकरी खापरीवर पडते. बाजूला जवळा, सुकट, माशाचं कालवण. मुरबाड-शहापूरच्या डोंगराकडे नागली, वरी. वाड्याचा कोलम, जो २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच होता. पाहुणे आले तर घावन. गणपतीला उकडीचे मोदक. दिवाळीत अनारसे. सगळं पान ग्लुटेनशिवायचं आणि त्याला कुणी ‘डाएट’ म्हटलं नव्हतं.

गहू इथे रोजच्या ताटात स्थिरावला तो पुढे. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला, अमेरिकन गहू जहाजांनी येऊ लागला आणि रेशनच्या दुकानातून घराघरात पोहोचला. पाठोपाठ हरितक्रांती आली. देशावरून आणि बाहेरून माणसं ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहायला आली. सहा-वीसची लोकल पकडून घरी येणाऱ्या बाईसाठी पोळी-भाजी केंद्रं उघडली. आज डोंबिवलीत संध्याकाळी एखाद्या केंद्रासमोर उभं राहिलं की भाकऱ्यांपेक्षा पोळ्यांची चळत उंच दिसते.

याचा आजाराशी संबंध दाखवणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातल्या २३ हजारांहून जास्त प्रौढांची त्यात तपासणी झाली होती. सिलिअ‍ॅकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के. अनुवंशिक कल, म्हणजे आजाराला पोषक जनुकं, मात्र सगळीकडे साधारण एकतृतीयांश लोकांत. मग फरक कुठे? त्यातला एक ताटात होता: उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, ईशान्येत ३७ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येचा आकडा सांगतो की नुसत्या गव्हाच्या वजनाने सगळं उलगडत नाही. तरी माणसं भाताकडून पोळीकडे सरकत असताना डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवावेत, हे त्यातून नक्की कळतं.

आणखी एक. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचं थालीपीठ, रताळ्याचा कीस. उपवासाचं अख्खं ताट ग्लुटेनमुक्त! ज्या पोराला सिलिअ‍ॅक आहे त्याच्या आईला हा मोठा आधार वाटतो. वरई आणि राजगिरा मन लावून वापरावेत. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यावर रोजचं पोट भरू नये.

हिंगात लपलेला गहू

ज्याला खरोखर सिलिअ‍ॅक आहे त्याला पोळी सोडणं सोपं जातं. अवघड जातं ते न दिसणारा गहू टाळणं.

पहिला हिंग. आपण बाजारातून आणतो तो निव्वळ हिंग नसतो. खरा हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळांतून निघणारा उग्र चीक आणि तो इतका तिखट वासाचा असतो की त्यात पीठ आणि डिंक मिसळून तो सौम्य करतात. ते पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे तूरडाळीच्या साध्या वरणाला चिमूटभर हिंगाची फोडणी दिली आणि ताट बिघडलं. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो, डबीवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. (हा हिंग आपण अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून आणतो. आपल्या मातीत त्याची शास्त्रशुद्ध लागवड ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात सुरू झाली.)

दुसरं मेतकूट. माझी आत्या मेतकुटासाठी डाळी भाजते तेव्हा शेवटी मूठभर गहू कढईत टाकते. त्याशिवाय खमंगपणा येत नाही, म्हणते. आजारी माणसाला आपण काय देतो? मऊ भात, तूप, मेतकूट. सिलिअ‍ॅकच्या मुलाला तेच बाधू शकतं. थालिपिठाच्या भाजणीचंही तेच.

तिसरी गोष्ट थेट गिरणीची. ‘दादा, गहू गव्हावरच घाला हं, बाजरीवर नको,’ हे वाक्य प्रत्येक मराठी बाईने आयुष्यात शंभरदा म्हटलेलं आहे, कारण पोळ्या काळपट होतात. सिलिअ‍ॅकच्या घरात नेमकं उलटं म्हणावं लागतं: ज्वारी गव्हावर नको. पण गल्लीतल्या गिरणीच्या पात्यांवर, पिशवीत, हवेत गव्हाचं पीठ असतंच. म्हणून अशा घरांनी घरघंटी घेतलेली बरी. पोळपाट, तवा, चाळणही वेगळी लागते.

आणि चौथा प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा आणि रवा गव्हाचा. २००७ मध्ये इटलीतल्या अभ्यासात दिसलं की सिलिअ‍ॅक असलेल्याला दिवसाला फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तरी आतड्याला इजा होते. पावाच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट असतं. चमचाभर प्रसादातही. तेव्हा असं मूल प्रसादाला हात जोडून ‘नको’ म्हणालं, तर कृपा करून ‘थोडासा घे, देवाचा आहे, काही होत नाही’ म्हणू नका. केळं द्या, साखर द्या. देवाला चालतं.

खपली गव्हाचाही गैरसमज मोठा आहे. खपली जुना आहे, चवीला सुंदर आहे, पण गहूच आहे. ग्लुटेन त्यात असतं. आपल्या देशात पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. खपली त्या जवळपासही येत नाही.

चेहऱ्याला लावलेला गहू

ग्लुटेनचे रेणू मोठे असतात. धडधाकट कातडीतून ते आत शिरत नाहीत, त्यामुळे गव्हाचा अंश असलेल्या क्रीमने सिलिअ‍ॅक बळावत नाही. लिपस्टिकचं जरा वेगळं, ती थोडी पोटात जाते.

पण जपानमध्ये एक विलक्षण प्रकार घडला. तिथल्या एका लोकप्रिय चेहऱ्याच्या साबणात बारीक तुकडे केलेलं गव्हाचं प्रथिन होतं. डोळ्यांच्या आणि नाकाच्या नाजूक कातडीतून ते रोज थोडं थोडं आत गेलं आणि ज्या बायका आयुष्यभर नूडल्स-पाव मजेत खात होत्या त्यांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. २०११ मध्ये साबण बाजारातून परत मागवला गेला. दोन हजारांहून जास्त जणांना त्रास झाला होता. गहू आधी चेहऱ्याला लागला आणि मग खाता येईना! आपलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, हळद आणि सायीचं उटणं त्यापेक्षा कितीतरी साधं.

मग मैत्रिणीचे पिंपल्स गेले कसे?

कारण ती खोटं बोलत नाहीये. २०१२ मध्ये मायली सायरस या अमेरिकन गायिकेनेही ग्लुटेन सोडल्यावर त्वचेत फरक पडतो असं जाहीर सांगितलं आणि जगभर लाट आली. फरक खरा असू शकतो. श्रेय मात्र बहुधा भलत्यालाच जातं, हास यांच्या केळ्यासारखं.

गहू सोडते म्हणजे बाई नेमकं काय सोडते, ते बघा. सकाळची चहा-बिस्किटं. स्टेशनबाहेरच्या वडापावातला पाव. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. संध्याकाळची खारी, टोस्ट, सामोसा. रात्री मागवलेला पिझ्झा. यातलं बरंचसं मैदा आणि साखर. रक्तातली साखर झपकन वाढवणारं खाणं आणि मुरमं यांचा संबंध दिसलेला आहे. २००७ साली ऑस्ट्रेलियात मुरमं असलेल्या ४३ तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर सावकाश वाढवणारा आहार ज्यांना दिला, त्यांची मुरमं जास्त कमी झाली. त्या आहारात पूर्ण धान्यं होती. मुद्दा साखरेच्या वेगाचा होता.

दुसरं, ती पोळीच्या जागी भाज्या-फळं जास्त खाऊ लागते. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने ३५ जणांच्या कातडीचा रंग सहा आठवडे यंत्राने मोजला. ज्यांनी फळं-भाज्या वाढवल्या त्यांच्या कातडीत हलकी पिवळसर-लालसर छटा वाढली आणि तो रंग बघणाऱ्यांना जास्त निरोगी वाटला. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतलं कॅरोटिन कातडीत साठतं त्याचा हा परिणाम. त्या अभ्यासात बहुतेक गोरी माणसं होती, आपल्या कातडीवर तो कमी दिसेल. तरी आहाराने त्वचेची छटा बदलते याचा याहून सुंदर पुरावा मी पाहिलेला नाही आणि त्यात गव्हाचं नावही नाही.

उलट गहू सोडून जी पाकिटातली ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं खायला लागते, तिचं नुकसानच होऊ शकतं. त्यात तांदळाचं पीठ, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च आणि वर साखर. मैद्याइतकीच झपकन चढणारी. पैसे मात्र दुप्पट-तिप्पट. त्यापेक्षा शहापूरच्या नाचणीची भाकरी करा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट.

सोडण्याआधी एक काम करा

सिलिअ‍ॅक शोधायला आधी रक्ताची टीटीजी-आयजीए नावाची चाचणी करतात. त्यात संशय आला तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच खऱ्या उतरतात. गहू आधीच सोडलेला असेल तर रक्तातली प्रतिपिंडं कमी होतात, आतडं सावरू लागतं आणि आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो आणि जिला एव्हाना बरं वाटायला लागलंय तिच्यासाठी ती शिक्षाच असते. निदान पक्कं नसेल तर पथ्यही पक्कं राहत नाही, लग्नात एक पुरी, सणाला एक पुरणपोळी होत राहते आणि आतडं झिजत राहतं. या आजारात पथ्य जन्मभराचं आहे. आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करून घ्यावी लागते.

तेव्हा घरात कुणाचा चेहरा सतत फिकट असेल, लोहाच्या गोळ्या लागू पडत नसतील, मुलाची उंची खुंटली असेल, कोपरा-गुडघ्यांवर न जाणारी खाज असेल, तर ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथे असाल तिथल्या पोटविकारतज्ज्ञांकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. रक्त तपासून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत पोळी खात राहा.